धावड्यातलं प्रकाशवर्ष

माझ्या सोयरिकीचा घोळ प्रकाशवर्षानं घातला.

मी तेव्हा अंकुशनगरात विज्ञानाचा मास्तर. वय वाढून राह्यलं होतं, नकार साचून राह्यले होते, आणि आईनं तर आता नवस बोलायला देव शिल्लक ठेवला नव्हता! अशात धावड्याचं स्थळ आलं. मुलगी, शोभा, विज्ञानाची पदवीधर. जीपमध्ये मामानं बजावलं, "पोरीला एक भारी सवाल टाक. न्हाईतर आपण शिकलेलो हाय, हे त्यांना कळायचं कसं?"

शोभा पोहे घेऊन आली. बघताक्षणी मला ती इतकी आवडली, की नाव विचारायचंच विसरलो आणि थेट तोफ डागली, "एक प्रकाशवर्ष म्हणजे किती किलोमीटर?"

"साडेनऊ लाख कोटीच्या आसपास," ती म्हणाली. (खाली मान घालून! न अडखळता!)

"बराबर!" मामा ओरडला. (त्याला काय कळलं, देव जाणे.)

तेवढ्यात ती म्हणाली, "पण आमच्या आबांना कोसच कळतात. कोसात सांगता का, सर?"

कोपऱ्यातले तिचे आजोबा सरसावून बसले. "सांगा, सांगा! तीन किलोमीटरचा कोस धरा."

साडेनऊला तीननं भागलं असतं तर विषय मिटला असता. पण छाप पाडायची होती ना! खिशातून खडू काढला आणि बैठकीच्या शहाबादी फरशीवर प्रकाशाच्या वेगापासून सुरुवात केली. गुणिले साठ, गुणिले साठ, गुणिले चोवीस... फळ्यावरचं अक्षर, एकेक शून्य भाकरीएवढं! रांगत रांगत मागं सरकलो. पोह्यांची ताटली लवंडली. मामानं पाय वर घेतले. शेवटची शून्यं उंबऱ्याबाहेर ओसरीत पडली, तिथं बांधलेल्या शेळीच्या पुढ्यात.

मग ताळा करायला रांगतच परत पुढं आलो आणि उत्तर मोठ्यानं वाचलं, "एकतीस कोस!"

आबांनी बोटं मोजली. "म्हंजे जालन्याच्या जरासं पुढं! मंग एसटीनं जाता येतं की!"

मी फरशीकडं बघितलं. एकतीसच होतं. पुढं काहीच नव्हतं.

"सर," शोभा हळूच म्हणाली, "बाकीचं उत्तर तुमच्या गुडघ्यांवर आलंय."

नव्या निळ्या पँटीवर सगळी शून्यं! घर हसलं, दारातले शेजारी हसले, शेळीसुद्धा ओरडली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतकी आवडलेली मुलगी मी माझ्याच गुडघ्यांनी पुसून टाकली होती.

जीपमध्ये मामा कडाडला, "पोहे खाऊन गप बसायला काय झाल्तं रे तुला?"

पुढच्या आठवड्यात शोभाचे वडील दारात हजर. आईच्या हातातली परात खाली पडली.

"पोरगी हो म्हणली," ते म्हणाले.

"आँ? कशी काय?" मामाला राहवेना.

"ती गावातल्या पोरांची शिकवणी घेती ना. म्हणली, कच्च्या पोरांची मला सवय हाय."

लग्न झालं. पँट केव्हाच बोहारणीला गेली. शिकवणी मात्र अजून चालू आहे, आणि मी अजून पास झालेलो न्हाई!