फळीला कान लावणारे मिस्त्री

आमचे सुतारमिस्त्री फळी विकत घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, कान लावतात आणि मगच निकाल देतात. माझ्या शिकवणीच्या खोलीला लागून यंत्रमागांचा कारखाना आहे. आवाज अडवायला मी सारख्या जाडीच्या दोन फळ्यांची भिंत सांगितली.

"सारख्या नकोत की सर, दोघी एकाच सुरात वरडत्यात. एक जाड, एक पातळ घिऊ. मधी पोकळी ठिवू. एकीचा खिळा दुसरीला लागला, की समदं वाया."

मी हसलो, पण ऐकलं.

भिंत झाली. पलीकडे सगळे माग चालू होते. मिस्त्रींनी दार लावलं, कान टवकारले आणि ऐटीत म्हणाले, "घड्याळ लई जोरात वाजतंय की सर तुमचं."

अकरा वर्षांत त्याची टिकटिक मी पहिल्यांदाच ऐकली.