किल्टवरचे मोजे
हीटरवर ओले हातमोजे वाळायला लागले, की त्या लोकरीच्या वासाने मला टोरोंटोतलं किल्टचं दुकान आठवतं. आठ-दहा वर्षं झाली असतील. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. होणारा जावई स्कॉटिश घरातला, लग्नात किल्ट, म्हणजे त्यांच्याकडे पुरुष घालतात तो चौकड्यांचा लोकरी स्कर्ट, घालणार होता, आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्यायला मी, मुलगी, तो आणि त्याची आजी असे चौघं गेलो होतो. "क्रीम रंगाचे घ्या, लग्नात तेच शोभतात," आजीबाईंनी सांगून टाकलं. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, प्लीज, तू काही बोलू नकोस." पण साड्यांवर ब्लाउज जुळवण्यात जन्म गेलेला, गप्प कशी बसणार? किल्टच्या हिरव्या-निळ्या चौकड्यांत वाइन रंगाची एक बारीक रेघ होती. मी त्याच रंगाचे मोजे शोधून किल्टला लावून धरले, तशी ती रेघ झळकन उठून दिसली. आजीबाई चष्मा सावरून किल्टवर वाकल्या, मग नातवाला म्हणाल्या, "हेच घे." लग्नात जो तो मोज्यांचं कौतुक करत होता, आणि आजीबाई माझा हात धरून सांगत होत्या, "हिची निवड आहे." आता त्या घरात लग्न ठरलं, की हॉलच्याही आधी मला किल्टचा फोटो येतो.