घेऊ-का सिस्टर

वॉर्डात तिला सगळे 'घेऊ-का सिस्टर' म्हणत. नाव पेशंटनीच पाडलेलं. हात घेऊ का, चादर काढू का, सुई टोचू का, सगळं विचारून. आणि विचारून थांबायची, उत्तर येईपर्यंत तशीच उभी. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई काम कधी करते?

पन्नाशीची, बुटकी, पायांत चपट्या चपला, अंबाड्यात खोचलेलं पेन. ते पेन ती दिवसातून दहादा शोधायची आणि पेशंट तिच्या डोक्याकडे बोट दाखवायचे. सव्वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेली.

माझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून आम्ही तिथे होतो. ऑपरेशन झालं आणि अंथरुणातच अंग पुसायची वेळ आली. बावीस वर्षांत मी त्यांची ओली पाठसुद्धा पाहिली नव्हती. तरी म्हटलं, मी पुसते. "तू नको," त्यांनी तोडूनच टाकलं. म्हणजे परकी बाई चालते आणि सून नको? मी धुसफुसत बाहेर बाकावर जाऊन बसले.

पडद्याआडून ऐकू यायचं. "आजी, हात चोळून गरम केलेत. उजवा घेऊ का?"

"घे."

"डावा घेऊ का?"

"नको."

"बरं." आणि खरंच तो हात तसाच सोडून द्यायची. तीन दिवस डावा हात अंगाशी घट्ट. शेवटी मी तिला झापलंच. "सिस्टर, म्हाताऱ्या माणसाला काय विचारत बसता, उचला की हात."

ती शांतपणे म्हणाली, "मी बारा वर्षांची होते. पोटदुखी म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. एका डॉक्टरने न विचारता फ्रॉक वर केला, पाच-सहा शिकाऊ मुलं बघत उभी होती. पोट बरं झालं, पण तो फ्रॉक मी अजून विसरले नाही." मग पेन शोधायला लागली. मला ते पटलं होतं असं नाही.

चौथ्या दिवशी पडदा बराच वेळ उघडलाच नाही. सिस्टर बाहेर आली ती चेहरा उतरलेला. "आत या. त्यांना काही सांगायचंय. डॉक्टरांना मी सांगणार, ते मला सांगावंच लागतं, आणि हे आजींना माहीत आहे. पण घरच्यांना त्यांनी स्वतः सांगायचं, असं ठरलंय आमचं."

सासूबाईंनी डावा हात वर केला. बगलेखाली गाठ होती, लिंबाएवढी. वरची कातडी ताणून काळसर झालेली. ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांचं लक्ष खुब्याकडे, ही कुणाला दिसलीच नव्हती.

मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

भीती वाटली होती, पण तोंडातून राग निघाला. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही? चार दिवसांची ही बाई जवळची, मग मी कोण?"

त्या रागावल्या नाहीत. "तुला सांगितलं की," म्हणाल्या. "तीनदा."

"कधी सांगितलंत?"

"डाव्या बगलेत सैल करून दे म्हटलं होतं."

मी शिवणकाम करते. दोन खांद्यांतला पाव इंचाचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते. तीनदा त्यांनी ब्लाउज आणून दिला, तीनदा मी फक्त डावी शिवण उसवून सैल केली. माप घेतलं नाही. एकदा तर दोरा तोडता तोडता म्हटलं, "आई, एकाच बाजूने जाड होताय की काय?" आणि माझ्याच विनोदावर पोट धरून हसले. त्याही हसल्या होत्या. ते आठवलं आणि मला तिथे उभं राहवेना.

तीन वाजता डॉक्टर तपासायला यायचे होते. "मी नाही दाखवणार," सासूबाईंनी हेका धरला. सिस्टरची ड्युटी दोनला संपली होती. तिने विचारलं, "मी थांबू का?"

सासूबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "नको. सुजलेत पाय. घरी जा." मग माझ्याकडे बघून, "ही आहे ना," म्हणाल्या.

सिस्टर गेली. डॉक्टर यायच्या आधी त्यांना घालायला मी पिशवीतून तोच ब्लाउज काढला, समोरून उघडता येतो म्हणून. डाव्या शिवणीला माझ्याच मशीनच्या जुन्या टाक्यांच्या तीन खुणा होत्या. आणखी सैल करायला आत कापड उरलं नव्हतं.

मी तळहात चोळले. "आई, डावा घेऊ का?" आणि थांबले.

उत्तर यायला बराच वेळ लागला. मी उभीच होते.

"घे," त्या म्हणाल्या. "पण आज हसू नकोस."