वेणूताईंचं शीड

बोलता बोलता वेणूताई मध्येच उठायच्या, अंगणात जाऊन तर्जनी ओली करून वर धरायच्या आणि वारा कुठून येतो ते बघून परत येऊन बसायच्या. भोरच्या राजवाड्यामागच्या आमच्या आळीत वाऱ्याची चौकशी करायचं कुणालाच कारण नव्हतं. मी नुकतीच कन्याशाळेत शिकवायला लागले होते आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं. "काय बघता हो?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही गो. घाटाकडनं येतोय. निघतो माझ्याच गावाहून, पण इथवर पोचेस्तो पार सुकून जातो."

त्यांचं गाव हर्णै. वडिलांचं गलबत होतं. नारळ आणि कौलं घेऊन ते मुंबईला जात. बंदरातल्या बंदरात ते लेकीलाही बरोबर घेत. वरंधा घाट चढून वेणूताई लग्न होऊन भोरला आल्या आणि थोड्याच दिवसांत ते गलबत वादळात सापडलं. वडील गेले, मागोमाग आई गेली. धाकट्या भावाला मामानं नेलं. माहेरी बोलवणारं कुणी उरलं नाही. "समुद्र तिथंच आहे गो," त्या म्हणायच्या, "पण त्याच्याकडे जायला कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं."

त्यांचे यजमान भास्करराव कचेरीत कारकून होते. माणूस गरीब स्वभावाचा आणि पाण्याला विलक्षण भिणारा. नीरेच्या घाटावर सगळे डुंबत असताना हे पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करीत. भाटघरचं धरण झालं, पाणी खोऱ्यात दूरवर पसरलं आणि हौशी अधिकाऱ्यांनी काठावर एक बोट क्लब काढला. त्याचं चिटणीसपद वरिष्ठांनी नेमकं भास्कररावांच्या गळ्यात घातलं. नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

दसऱ्यानंतर क्लब उघडायचा. त्याआधी पत्र्याच्या खोलीला चुना लागे, पावसाळाभर उलटी घालून ठेवलेली शिडाची बोट खरवडली जाई, फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासून वरून राळ लावत. शीड मात्र गाडीतून वेणूताईंच्या ओटीवर यायचं. त्या ते उलगडायच्या, शिवणीवरून हात फिरवायच्या आणि विरलेल्या जागी ठिगळ लावायच्या. त्या दिवसांत त्यांच्या घरात राळेचा वास असे. त्या दाराशी उभ्या राहून खोल श्वास घेत आणि मी बघते आहे असं दिसलं की लाजत.

एका वर्षी उंदरांनी शीड पार कुरतडून टाकलं. नवीनच शिवायला हवं होतं. घरात एवढी जागा कुठली? आम्ही आळीतल्या मंदिराच्या सभामंडपात मांजरपाट पसरला आणि दोघी समोरासमोर बसून शिवू लागलो. शेवटचा टाका घालून वेणूताईंनी दोरा दातानं तोडला. तेवढ्यात भास्करराव शीड न्यायला आले.

"अहो, यंदा मला बसायचंय बोटीत," त्या म्हणाल्या.

भास्करराव गोंधळले. "क्लबात बायका बसत नाहीत."

"बसत नाहीत, की बसवत नाहीत?"

भास्कररावांनी शीड गुंडाळून खांद्यावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते क्लबच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. काय बोलले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. परत आले तेव्हा सदरा घामानं भिजलेला होता. "उद्घाटनाच्या आधी शीड तपासायला हवंच," ते म्हणाले. "उद्या जायचं. मीही येतो."

"तुम्ही?" वेणूताईंचा विश्वास बसेना.

क्लबचा गडी धोंडू जवळच्या पासली गावचा. त्यानं बोट काठाला धरून ठेवली. "वयनी, तुमी हितं बसा. रावसाब, तुमी मदी. आन् हलू नगा, लई डुलती ती." मी काठावर राहिले. भास्कररावांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. धोंडूनं बोट लोटली, शीड फडफडलं, मग एकदम पोट भरल्यासारखं फुगलं. मधल्या पाण्यात गेल्यावर त्यानं सुकाणू वेणूताईंच्या हाती दिलेलं मला दिसलं. त्यांचा पदर खांद्यावर आला होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.

परत येताना, काठ जवळ आल्यावर, त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं.

"गोडं आहे गो," उतरताना त्या मला म्हणाल्या आणि घळाघळा रडू लागल्या. भास्करराव पांढरेफटक पडले होते. तरी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ."

पुढे दर वर्षी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोघं शीड तपासायला जात. मग लढाई सुरू झाली, अधिकारी पांगले, क्लब बंद पडला. त्याच सुमारास भास्करराव विषमज्वरानं गेले. धाकटा भाऊ आता कर्ता होऊन हर्णैला परतला होता. तो येऊन बहिणीला हर्णैला घेऊन गेला. आळीतल्या बायका म्हणाल्या, सुटली एकदाची, मिळाला तिला तिचा समुद्र.

लढाई संपल्यावर मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. समोर मचवे बंदरात परतत होते. त्यांनी विचारलं, "धरण भरलं का गो यंदा? बोटीला राळ कुणी लावली?"

मी खरं ते सांगितलं. क्लबच्या खोलीचे पत्रे कुणीतरी नेले. बोट काठावर उलटी पडून आहे, तिच्या आडोशाला शेळ्या बसतात.

वेणूताई म्हणाल्या, "इथं आल्ये त्या दिवशी तशीच पुळणीवर गेल्ये. गुडघाभर पाण्यात उभी राहिल्ये. इतकी वर्षं ह्याच्यासाठी जीव टाकला होता. आनंदानं मागं वळून म्हटलं, 'अहो, बघा!'"

त्यांनी पदर सावरला.

"आणि मागं नुसती वाळू गो."