मन म्हणतंय की चुंबक?

१४ ऑक्टोबर रोजी मी ताईच्या हातावर चारशे पंच्याऐंशी रुपये ठेवले. निळे कापड, अस्तर आणि बटणे, एवढ्याचेच. शिलाईचा विषय काढताच ती म्हणाली, "भाचीच्या झग्याची शिलाई घेऊ? मग उद्या जेवायला आलास की ताटाचेही पैसे लावते." मी पाकीट मुकाट्याने खिशात घातले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाजारपेठेत एका जिन्याखालच्या खोलीत तिचे शिवणाचे दुकान आहे. हात इतका सफाईदार की उसवायची वेळ आलीच, तर टाका शोधावा लागतो. पण कपडा गिऱ्हाइकाच्या हातात गेला रे गेला, की तिच्या डोक्यात एकच भुंगा सुरू होतो: आत टाचणी राहिली!

त्यावर इलाज म्हणून तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तिला एक चुंबक दिले. भाऊजी रेडिओ दुरुस्त करतात. मोडक्या स्पीकरमधून काढलेले ते चुंबक लाल फितीने मशीनला टांगलेले असते. शिवलेल्या प्रत्येक कपड्यावरून ते फिरवायचे आणि मगच घडी घालायची. टाचणी असली तर टक्कन चिकटते. ताईच्या दुकानातून टाचणीसकट कपडा गेल्याचे कोणालाच आठवत नाही. भुंगा मात्र गेला नाही. उलट ती चुंबक पर्समध्ये घालून समारंभांना जाऊ लागली. एकदा फोटोसाठी उभ्या असलेल्या नवरदेवाच्या पाठीवरून तिने ते हळूच फिरवले. त्याला वाटले, मावशी कौतुकाने पाठ थोपटताहेत. तो लाजून "थँक्यू" म्हणाला.

ताई अशी कासावीस झाली की भाऊजी हातातल्या रेडिओवरून नजर न काढता विचारतात, "मन म्हणतंय की चुंबक?"

"मन."

"मागच्या वेळी मन काय म्हणालं होतं?"

"हेच."

"मग?"

"तुम्हाला काय जातंय विचारायला? तुमचे रेडिओ कोणाला टोचत नाहीत."

भाऊजींचे म्हणणे तिला पटायचे, पण पाय ऐकायचे नाहीत. आपण शिवलेला कपडा घालून कोणी उभे राहिले, की ही मधूनच उठून पडद्यामागे तरी जायची, नाहीतर सरळ घरी. एकही कार्यक्रम तिने शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

या वेळी माझी मुलगी गायनशाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटी गाणार होती. लहानपणी ती आत्याच्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून, मशीनच्या तालावर गायची. तिने आत्याला बजावले, "पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटपर्यंत बसायचं. मी तुझ्याकडे बघून गाणार आहे. तू उठलीस तर माझा सूर गेलाच म्हणून समज."

"मी कशाला उठते?" ताई म्हणाली. मी भाऊजींकडे पाहिले, भाऊजींनी रेडिओकडे.

रविवारी दुपारी निघण्यापूर्वी झगा अंगावर चढवून झाला. ताईने गळ्याच्या उंच पट्टीवर दोन टाके मारले आणि चुंबक फिरवले. ते गप्प. पुन्हा फिरवले. गप्पच. मग मुलीने ते आत्याच्या हातातून काढून घेतले आणि माझ्या खिशात टाकले.

सभागृहात आम्ही तिघे पहिल्या रांगेत होतो, ताई मध्ये. मुलगी रंगमंचावर आली, तिने आत्याकडे पाहिले आणि गायला सुरुवात केली. पहिले कडवे छान झाले. एवढ्यात ताई माझ्या कानाशी लागली, "गळपट्टीत टाचणी आहे."

पलीकडून भाऊजी कुजबुजले, "मन की चुंबक?"

"मनच. पण आज फार ओरडतंय हो. वरच्या सुराला मान उचलेल ना ती, तेव्हा टोचेल." आणि उठण्यासाठी तिने खुर्चीच्या हातावर मनगट टेकवून जोर दिला.

"आई गं!"

नेमके तेव्हा गाणे दोन ओळींच्या मध्ये थांबले होते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ताई मटकन खाली बसली आणि तिने स्वतःच्या बाहीच्या काठातून एक टाचणी उपसून काढली. काम करताना ती टाचण्या बाहीला खोचते. आयुष्यभर तिने लोकांच्या कपड्यांवरून चुंबक फिरवले, स्वतःच्या बाहीवरून कधीच नाही.

टाचणीकडे बघता बघता तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती.

"अहो, ही बघा खरी! एवढी वर्षं ती मनातली नुसती टोचेल, टोचेल म्हणतेय. ही मेली एक अक्षर बोलली नाही."

"आता बसशील?"

"हलणारच नाही."

वर मुलीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले होते. तिने ते आवरले, मान उंच केली आणि वरचा सूर असा लावला की सभागृहात कोणी खोकलेही नाही. टाळ्या सर्वांत आधी ताईने वाजवल्या.

आजही कपडा दुकानाबाहेर गेला की मन बोलतेच. ताई म्हणते, "बोलू दे बाई, त्याचं तोंड आहे," आणि पुढचे कापड बेतायला घेते.

त्या दिवशी मात्र नंतरची तीन गाणी, आभार आणि आभारांचे आभार ऐकल्याशिवाय ती खुर्ची सोडायला तयार नव्हती. बस चुकली. टॅक्सीचे एकशे तीस झाले. माझ्याकडे सुटे नव्हते म्हणून ताईने दिले. ते मी अजून तिला देणे लागतो.