सतरंजीकाकूंचं नाव

गावच्या वाचनालयात यंदाच्या उत्कृष्ट कार्यकर्त्याचं नाव पुकारलं गेलं, "श्रीमती सुमती पेडणेकर!" टाळ्याच वाजेनात. ही कोण, म्हणून जो तो मागे वळून बघू लागला. आमच्या सतरंजीकाकूही बघत होत्या. शेवटी कुणीतरी ओरडलं, "अहो काकू, तुम्हीच!"

"अगं बाई, मीच की!"

गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला सतरंज्या अंथरणाऱ्या या बाईंचं नाव त्या सतरंज्यांखालीच झाकून गेलं होतं. काकू उठल्या, जाता जाता सतरंजीचं दुमडलेलं टोक त्यांनी पायानं सरळ केलं आणि शाल घ्यायला व्यासपीठावर चढल्या. कुणी न सांगता सगळं सभागृह उठलं. वर्षानुवर्षं त्यांच्या सतरंजीवर ऐसपैस बसलेले आम्ही आज पहिल्यांदा त्यांच्यासाठी उभे राहिलो.