झाकणाची चावी

कंपनी इतकी मोठी होती की तिचं हेड ऑफिस आम्हा नागपूरवाल्यांपैकी कोणी पाहिलंच नव्हतं. तिथून टेलेक्स यायचे, छापील फॉर्म यायचे. ऐन मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि मी मात्र स्वेटर घालून कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत. मशीन दुरुस्त करणारा इंजिनीयर होतो मी. वय पंचवीस, गळ्यात टाय, आणि अकलेचं विचारूच नका. गल्लीत लोक वळून पाहायचे, स्थळं सांगून यायची. त्रास एकच, साधा स्क्रू हवा असला तरी चार प्रतींत अर्ज करा, आणि मशीन बंद पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत लेखी कारण द्या.

शेजारच्या खोलीत बायका कार्डांवर भोकं पाडायच्या. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची हजेरी त्या कार्डांवरून आमच्या मशीनमध्ये जायची. त्यातली सगळ्यांत वेगवान पंच ऑपरेटर कन्हानहून बसने यायची. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, मी तिला बाई म्हणायचो. तीन वर्षं टेम्पररीच होती. घरात कमावणारी ती एकटी, आणि दिवाळीला पर्मनंटचं पत्र देतो असं शाखेच्या मोठ्या साहेबांनी तिला कबूल केलं होतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. एरवी धूळ नको म्हणून आम्ही चपला बाहेर काढायचो, आणि त्या दिवशी मात्र आत झेंडू, नारळ, उदबत्ती! नियमात हे बसत नव्हतं, पण हेड ऑफिसला कोण कळवतो? त्या वर्षी माझे होणारे सासरे यायचे होते. मला मिरवायचं होतं. मशीनमधल्या, माहिती साठवायच्या तबकड्यांच्या पेटीची चावी फक्त माझ्याकडे असे. मी झाकण उघडून ठेवलं, आतल्या तबकड्या आरशासारख्या चमकत होत्या. सासरे वाकून वाकून पाहत होते आणि माझी छाती फुगत होती.

पूजा कोणी करायची, यावर सगळे एकमेकांना ढकलू लागले. मी बाईंना म्हटलं, "तुम्हीच करा. सीनियर आहात."

त्या हळूच म्हणाल्या, "आमच्यात नसते जी पूजा. आम्ही बौद्ध आहो. तुमाले माहीत आहे ना."

माहीत होतं. पण सासऱ्यांसमोर मला फार विनोद सुचत होते. "मशीनले कुठं धर्म असते बाई? टाका बिनधास्त, नाहीतर रुसून बसंन!" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं, चिमूटभर कुंकू घेतलं आणि उभ्या जागेवरून मशीनवर टाकलं. माझं लक्ष सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे. आत न पाहता मी झाकण लावलं आणि ऐटीत बटण दाबलं.

आधी किरकिर, मग लोखंडावर कानस घासावी तसा आवाज. तबकड्यांवर ओरखडे पडले, दोन महिन्यांची हजेरी गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दीक्षाभूमीवर गेल्या असणार. मी एकटा खोलीत बसून सुटे भाग बदलत होतो आणि फॉर्मवरच्या 'कारण' या चौकोनाकडे पाहत होतो. शेवटी लिहिलं: ऑपरेटरने टाकलेले कुंकू आत गेले. अक्षर अन् अक्षर खरं होतं. आणि मी सरळसरळ खोटारडा होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे साहेब दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "कुंकू कोणी टाकलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली. मी टायची गाठ नीट करत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "कोणीच नाही."

दिवाळीला त्यांना पर्मनंटचं पत्र मिळालं नाही, उद्यापासून येऊ नका असं मिळालं. मला हेड ऑफिसचं शाबासकीचं पत्र आलं, दोन दिवसांत मशीन उभं केलं म्हणून. घरच्यांनी ते काचेत लावलं. जेवताना ते नेमकं समोर यायचं, म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो.

वर्षभराने राहवेना, तेव्हा कन्हानला गेलो. त्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होत्या, निम्म्या पगारावर. मी बसल्या बसल्या बोलून टाकलं, "बाई, झाकण मीच उघडं ठेवलं होतं."

"मले माहीत आहे. चावी तुमच्याचजवळ राहे ना."

"मग काहून नाही सांगितलं?"

"मी सांगून कोणी मानलं असतं? ते तुमी बोलाचं होतं, साहेब."

माझे डोळे भरून आले. खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. चला, सुटलो! तेवढ्यात त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला, कोरा कागद चढवला आणि बोटं कळांवर ठेवली. "आता सांगा. हेड ऑफिसले काय लिहाचं ते सांगा. आत्ताच टाइप करून देतो, तुमी खाली सही करा. मले परत घेतीन ते."

पुढच्याच महिन्यात माझं प्रमोशन होतं. लग्नाची तारीखही निघाली होती.

"ऑफिसात जाऊन लिहितो," मी म्हणालो. "लेटरहेडवर बरं दिसंन."

त्यांनी टाइपरायटरचा रूळ फिरवून कागद बाहेर काढला, चुरगळला नाही, नीट गठ्ठ्यावर परत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीला बोलावलं.